एक्केचाळिसावे कारण

येसोजीरावांविषयी लिहायचे तर आधी माझ्या एका अपराधाविषयी लिहिले पाहिजे. लोक ज्याला त्यांचा विक्षिप्तपणा म्हणतात, त्यातला निम्मा तरी माझ्या एका शब्दातून निपजलेला आहे. तो शब्द होता ‘नाही’. तीस वर्षे मी तो मागे घेतला नाही.

म्हैसूरबाहेर, हिनकलच्याही पलीकडे, आमच्या नेमबाजी क्लबची रेंज आहे. रविवारी सकाळी तिथे जाणाऱ्या नवख्याला प्रथम दिसतो तो एक उंच, शिडशिडीत म्हातारा. दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंतवून तो कुणाच्या तरी पिस्तुलावर बगळ्यासारखा वाकलेला असतो आणि हुकूम सोडत असतो. “स्लाइड मागे घे. तेवढी नको. आता हळू सोड. ऐकलंस? उजवीकडे खरखरतंय.” पिस्तुलाला तो स्वतः बोटही लावत नाही. कानस तुम्ही चालवायची, तेल तुम्ही घालायचे, स्क्रू तुम्ही फिरवायचा. क्लबात त्यांना ‘सोवळ्यातले मिस्त्री’ म्हणतात आणि ते ऐकून येसोजीराव स्वतःही हसतात. त्या वेळी मी मात्र चहाच्या कपात पाहत राहतो.

येसोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. “पणज्यानं तलवार धरली, मी कानस धरली,” असे ते सांगतात. एका कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून नोकरी केली आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस क्लबच्या पिस्तुलांना दिला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. घरी मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपते. त्यांच्या तोंडचा सर्वांत लाडका शब्दही कानडीच आहे: सुम्मने. म्हणजे उगीच, विनाकारण. “सुम्मने काहीच अडकत नाही, स्वामी,” हे त्यांचे तत्त्वज्ञान.

एका बँक मॅनेजरांचे पिस्तूल दर रविवारी अडकू लागले. गोळी चेंबरमध्ये शिरता शिरता मध्येच थांबे. त्यांनी स्प्रिंग बदलली, तेल बदलले, गोळ्यांची पेटी बदलली, शेवटी ज्योतिषाला विचारून अंगठीतला खडाही बदलला. येसोजीरावांनी पिस्तुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी विचारले, “स्वामी, सकाळी काय खाल्लं?” मॅनेजर म्हणाले, मसाला दोसा. “बेण्णे किती?” म्हणजे, वर लोणी किती होते? मग मामांनी हात पाठीमागेच ठेवून, नाक पुढे करून, साऱ्या क्लबासमक्ष मॅनेजरांच्या बोटांचा वास घेतला. लोणी बोटांवरून गोळ्यांवर, गोळ्यांवर धूळ, आणि त्या धुळीचा लेप चेंबरमध्ये. हात धुतल्याचे मॅनेजरांनी परोपरीने सांगितले. “नळाखाली धरले असतील,” मामा म्हणाले. तेव्हापासून मॅनेजर दोसा काट्या-चमच्याने खातात आणि हॉटेलातला वेटर त्यांच्याकडे कीव आल्यासारखा पाहतो.

कृष्णराजनगरला त्यांच्या पुतणीच्या लग्नात पंगत मध्येच थांबली. भात पुढे सरकेना, यजमान आचाऱ्यावर खेकसू लागले. येसोजीराव पानावरून उठले, हात पाठीमागे घेऊन रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि पापड वाढणाऱ्यासमोर उभे राहिले. तो उलट्या टोकाकडून येत होता, आणि अरुंद वाटेत त्याची नि सांबाराच्या बादलीची गाठ पडत होती. “पिस्तुलाच्या मॅगझिनला दोन तोंडं असतात काय रे?” मामांनी त्याला विचारले. त्याला काहीच समजले नाही, पण तो वळला आणि भात सुटला. त्यांच्या पत्नी, आमच्या सुंदरामामी, अशा वेळी शांतपणे म्हणतात, “साऱ्या जगाची कारणं सापडतात यांना. माझ्याशी लग्न कसं झालं, त्याचं तेवढं राहिलंय.”

प्रत्येक अडकण्याची नोंद ते एका जाड वहीत करतात आणि ती वही कापडी पिशवीत घालून काखेत वागवतात. ‘नेमबाजाची चूक’ या सदराखाली तर त्यांनी कुणाचीही गय केलेली नाही. ‘मनगट ढिले’, ‘बायकोशी भांडून आला’, ‘वाचतो फार, साफ करत नाही’, असे शेरे त्यात आहेत.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे. दर दसऱ्याला ते बन्नीची पाने घेऊन माझ्या घरी येतात. बन्नी म्हणजे शमी. आमच्याकडे सोने म्हणून तीच देतात. पाने हातावर ठेवून विचारतात, “सगळं बरं ना, श्रीपादा? कुठं काही अडकत नाही ना?” नोकरी, मुले, रक्तदाब, सगळ्यांची चौकशी होते. मी ‘बरं आहे’ म्हटले की माझ्याकडे क्षणभर जास्त पाहतात आणि निघतात. वृद्ध माणसाचा जिव्हाळा, असे मी समजत असे. इतर कुणाकडेही ते जात नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आता तीस वर्षांपूर्वीचे.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि राज्याच्या संघात निवड होण्याच्या उंबरठ्यावर होतो. येसोजीरावांनाही त्या संघाबरोबर मिस्त्री म्हणून पाठवायचे ठरत आले होते. निवडीची स्पर्धा आमच्याच रेंजवर होती. पिस्तूल क्लबचे, पॉइंट टू-टूचे. त्याचे मॅगझिन म्हणजे गोळ्यांची एक चपटी डबी. तळची स्प्रिंग गोळ्या वर ढकलते आणि तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा वरच्या गोळीला नेमक्या कोनात धरतात. मामा त्या कडांना ओठ म्हणत. ओठ केसभर जरी हलले, तरी गोळीचे नाक वर किंवा खाली जाते आणि ती चेंबरच्या कडेला आदळून थांबते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मामांनी माझ्या मॅगझिनची जुनी स्प्रिंग काढून नवी बसवली, पन्नास गोळ्या चालवून पाहिल्या आणि रिकामे मॅगझिन माझ्या हाती दिले. घरी बसवण्या-काढण्याचा सराव कर, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरापुढच्या उंच दगडी ओट्यावर, ज्याला आम्ही जगली म्हणतो, उभा राहून मी तो सराव करत होतो. मॅगझिन हातातून निसटले आणि खालच्या फरशीवर तोंडावर पडले. एक ओठ आत दबला. मामांकडे जायला वेळ होता. पण गेलो असतो तर सांगावे लागले असते, आणि त्या सकाळी मला कुणाच्याही नजरेत धांदरट ठरायचे नव्हते. आमच्याकडे राहणाऱ्या मावशीच्या पानाच्या तबकात सुपारीचा अडकित्ता होता. त्याने मी तो ओठ उचलला. डोळ्यांना तो सरळ दिसला, आणि मी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या फेरीत तिसरी गोळी अडकली. पंचांनी पाहिले, दोष हत्याराचा ठरवला आणि नियमाप्रमाणे फेरी पुन्हा खेळायची सवलत दिली. पुन्हा तिसरीच गोळी अडकली. दुसऱ्यांदा सवलत नसते. न सुटलेल्या गोळ्या शून्यात गेल्या आणि त्यांच्याबरोबर मीही.

मॅगझिन तपासायला मामांनी हात पुढे केला, तेव्हा मी म्हणालो की गडबडीत ते कुठे तरी हरवले. ते माझ्या खिशात होते. संध्याकाळी मी ते कुक्करहळ्ळीच्या तळ्यात फेकले. क्लबच्या समितीने विचारले, शेवटचा हात कुणी लावला होता? येसोजीराव म्हणाले, “माझी स्प्रिंग होती. माझाच हात.” संघाबरोबर दुसरा मिस्त्री गेला. मला त्यांनी एकदाच, एकट्याला गाठून विचारले होते, “मॅगझिन पडलं वगैरे होतं का रे?” मी म्हणालो, “नाही.” त्याच्या पुढच्या रविवारी ते रेंजवर आले तेव्हा त्यांचे हात पाठीमागे होते.

मी पुढे विमा कंपनीत लागलो. अपघाताचे खरे कारण कोणते आणि सांगितलेले कोणते, हे शोधण्याचा मला आजही पगार मिळतो. इतरांची खोटी विधाने मी अचूक ओळखतो. आपले स्वतःचे विधान माणूस तपासायला घेत नाही, एवढेच त्या धंद्यात मी शिकलो.

गेल्या महिन्यात पुन्हा आमच्या रेंजवर निवडस्पर्धा होती. लावण्या नावाची आमची एक नेमबाज आहे, संगणक कंपनीत काम करते. तिची फेरी सुरू व्हायला चाळीस मिनिटे होती आणि सरावात तिचे पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडकले. पुन्हा भरले, पुन्हा तिसऱ्यालाच. मॅगझिन एकच होते. मामांना बोलावले. ते आले आणि अडकलेल्या गोळीवर वाकले. गोळीचे नाक वर होते. तसेच, त्या दिवशीसारखे.

“मॅगझिन पडलं होतं का?” त्यांनी विचारले.

“हौदु, मामा,” लावण्याने लगेच होकार दिला. “काल पार्किंगमध्ये हातातून सुटलं. सांगायचं राहिलं. सॉरी.”

तिला हे म्हणायला एक क्षण पुरला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, श्रीपादा. खरं सांगितलं की निम्मं काम तिथंच झालं.”

ओठ केसभर उघडायचा होता. बारीक पक्कड लावण्याच्या हातात होती, मामा मागून सांगत होते. पहिल्या खेपेला काही हलले नाही. दुसऱ्या खेपेला ओठ जास्त उघडला, गोळी डबीतून उडून खाली पडली. वीस मिनिटे उरली होती. पत्रा असा वारंवार वाकवला तर तुटतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. लावण्याने पक्कड त्यांच्यापुढे धरली. “तुम्हीच करा, मामा.”

“नको,” ते म्हणाले. पाठीमागची बोटे एकमेकांत इतकी आवळली होती की पेरे पांढरी पडली. “या हातानं एकदा एकाचं नशीब अडकलंय. तुझं नको.”

मी त्यांच्या मागेच उभा होतो. ती पांढरी पेरे माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

“मामा,” मी म्हणालो, “ते मॅगझिन हरवलं नव्हतं.”

ते वळले नाहीत.

“पडलं होतं. त्या सकाळी, आमच्या जगलीवरून. ओठ मी सरळ केला, घरीच. मावशीच्या अडकित्त्यानं.”

आसपासची चार-पाच माणसे ऐकू लागली. येसोजीराव हळूहळू वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा अवघड भाग उजेडात धरून पाहावा, तसे ते माझ्याकडे पाहत होते.

“अडकित्त्यानं?” ते म्हणाले. “सुपारीच्या?”

“हो.”

“मग स्प्रिंग—”

“स्प्रिंग बरोबर होती.”

पाठीमागचे हात सुटले आणि पुढे आले. क्षणभर ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. धोतराला पुसले, पुन्हा पुसले. मग त्यांनी लावण्याच्या हातून पक्कड घेतली. मी वाट पाहत होतो की ते हात थरथरतील. ते थरथरले नाहीत. एकदा दाबले, डोळे मिटून अंगठा फिरवला, आणखी एकदा अगदी थोडेसे दाबले. “आयतु,” म्हणाले, म्हणजे झाले, आणि मॅगझिन तिला दिले. तिने ते भरले. पाच गोळ्या, मग पुन्हा पाच. एकही अडकली नाही. ती आपल्या फेरीला गेली.

मामा बाकावर बसले. पिशवीतून वही काढून त्यांनी एक जुने, पिवळे पडलेले पान उघडले, पेन काढले आणि दोन्ही माझ्यासमोर धरले. “तू लिही,” म्हणाले. “चाळीस झालीत. एक्केचाळिसावं तुझ्या हातानं.”

माझ्या त्या स्पर्धेचे ते पान होते. चाळीस कारणे, प्रत्येक वेगवेगळ्या शाईत, काही अलीकडच्या थरथरत्या अक्षरात. स्प्रिंग दीड वेढा जास्त? तेल जाड? पहाटेचा गारवा? माझी नजर? प्रत्येक कारण इतरांच्या हातांनी तपासून, एकेक करून खोडलेले. फक्त ‘माझा हात’ हे खोडलेले नव्हते. सगळ्यांत वर, त्यांच्या त्या निर्दय सदराखाली, तीस वर्षांपूर्वीच्या शाईत लिहिले होते: ‘नेमबाजाची चूक: विचारले. नाही म्हणाला. श्रीपाद आहे, पुन्हा विचारायचे नाही. त्याचे गेले ते आपल्यामुळे. तो सुखात आहे ना, हे बघत राहायचे.’

बन्नीची ती तीस वर्षांची पाने मला तेव्हा कळली.

मी पेन घेतले आणि लिहिले. मग ‘माझा हात’ या शब्दांवर रेघ ओढली आणि वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली. लिहिलेले पुरेसे नव्हते. चार माणसे ऐकत होती, आणि त्यांनी ऐकणे आवश्यक होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले.

“मामा, चूक माझी होती. पडलं माझ्या हातून, आणि दोष तुमच्या हातांना लागला. मी खोटं बोललो. मला क्षमा करा.”