व्हिएन्ना मुक्कामी हौद रिता केला त्याची हकीकत

“बायना, आपल्या नावानं घेतलेलं पानी मोरीला द्यायचं न्हाई गं. कंच्या तरी मुळाला द्यायचं, मगच तोंडात घास. आन् एकदा धरलेलं झाड पाऊस येईस्तवर सोडायचं न्हाई.”

ऐसे वचन कैलासवासी मातुश्री छबुबाई यांनी दुष्काळाचे साली, बाजेवर पडल्या पडल्या, सुनेचा हात धरोन सांगितले आणि त्याच पहाटे देह ठेविला. सुनेने मान हलविली. तेच करारपत्र, तोच शिक्का.

आई योगेश्वरीचे चरणी मस्तक ठेवोन, बालाघाटच्या डोंगरास स्मरोन, आणि ज्या घरी चार दिवसांआड घागर येते त्या घरच्या लक्ष्मीस वंदोन, शके १९४० विलंबीनाम संवत्सरे श्रावण शुद्ध द्वादशी, वार गुरुवार, या दिवशी परमुलखी जे घडले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे. वाचणाराने ताकभाकर खाऊन स्वस्थ चित्ते वाचावे.

धारूर परगण्यात, घाटमाथ्यावरील एका गावी, महिला दूध संस्थेच्या गादीवर वज्रचुडेमंडित बायनाबाई अध्यक्षीण म्हणोन विराजमान होत्या. सासूबाईंचे वचन त्यांनी बारा वर्षे अखंड पाळिले. त्याची रीत ऐसी, की बाजेखाली घमेले ठेवावे, बाजेवर बसोन स्नान करावे, घमेल्यात उतरेल ते पाणी दारच्या लिंबास घालावे, आणि मग तुळशीस हात जोडोन घास घ्यावा. टँकर आला तरी हीच रीत, टँकर न आला तरी हीच. पुढे संस्थेच्या साठ जणींनी ती रीत उचलली, साठ दारी साठ झाडे जगली, आणि ज्या साली गुरे छावणीस गेली त्या साली झाडे हिरवी राहिली. हे वर्तमान कोणा साहेबाने पाहिले, त्याने फोटो काढिले, आणि फिरत फिरत ते सात समुद्रांपलीकडे व्हिएन्ना नामे पुराण्या बादशाही शहरी, जेथे सहकाराचा मोठा दरबार भरणार होता, तेथे पोहोचले. मग तेथून खलिता आला, की अध्यक्षीणबाईंनी जातीने येऊन दरबारी चार शब्द सांगावे, जाण्यायेण्याची व राहण्याची तजवीज सरकारातून होईल.

मग मोहिमेचा मनसुबा ठरला. खासा स्वारी बायनाबाई. उजवे हातास संस्थेच्या संचालक केसरबाई, ज्यांचा आवाज दोन शिवारे ओलांडोन जातो. आणि दुभाषी व वाकनीस म्हणोन संस्थेचे सचिव गहिनीनाथ, ज्यांनी इंग्रजी भाषा अंबाजोगाईस हस्तगत केली होती. दारचा लिंब धाकट्या सुनेचे हवाली केला. एकादशीस विमानी आरूढ झाले. बायनाबाईंस उपास, म्हणोन वाटेत आलेली ताटे त्यांनी हात जोडोन परत पाठविली, आणि राजगिऱ्याच्या एका लाडवावर अर्धी पृथ्वी ओलांडली.

सायंकाळी व्हिएन्नाचे हॉटेलात दाखल जाहले. हॉटेल कसले, पूर्वी कोणा सरदाराचा महाल. संगमरवरी जिना, छतास पंखवाली सोनेरी बाळे, पायी गालिचा ऐसा की चपला काढाव्या की न काढाव्या यावर मसलत झाली आणि काढाव्या ऐसे ठरले. दिंडीदरवाजावर योहान नामे वृद्ध दरवान, उंच टोपी, पितळी गुंड्या, पांढऱ्या मिशा. त्याने चपला हाती घेतलेल्या दोन बायका पाहिल्या आणि चेहऱ्यावरची रेघ न हलविता दार उघडले.

चौथ्या मजल्यावरील दालनी न्हाणीघर होते आणि न्हाणीघरात पांढरा शुभ्र हौद होता. केसरबाईंनी नळ फिरविला. पाणी आले, आणि जोरात आले. आता ज्या मुलखात नळ वाजला की चूल सोडोन धावावे लागते, त्या मुलखाची माणसे ती. हात थांबतात कसे? हौद काठोकाठ भरिला, मग चहाची किटली भरिली, मग आठ पेले, मग फुलदाणी, मग रद्दीची टोपली पाहिली तो तीही धातूची निघाली, तीही भरिली. गहिनीनाथ दारी उभे राहोन अर्ज करू लागले.

“काकू, हितं पानी चोवीस तास येतं.”

“गप बस,” केसरबाई म्हणाल्या. “आपल्या गावात योजना आली तवाबी असंच सांगितलतं.”



द्वादशीस पहाटे बायनाबाई उठल्या. पेट्या ठेवण्याची पट्ट्यांची घडीची चौकी होती, ती पाहताच त्यांस घरची बाज आठवली. हौदातले दोन तांबे फुलझाडाच्या रित्या कुंडीत काढोन जागा केली, चौकी हौदात मांडिली, तीवर बसोन सोबतच्या तांब्याच्या तांब्याने स्नान केले, आणि थेंबही बाहेर जाऊ दिला नाही. मग कपाळी कुंकू लावोन, आता हे पाणी मुळाला द्यावे म्हणोन वळल्या, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की काय करोन बसलो.

घरी घमेलेभर पाणी असे. येथे पंधरा घागरींचा हौद उभा होता, आणि तो दरोबस्त त्यांच्या नावाने घेतलेला. खिडकी पाहिली तो ती उघडण्याजोगी नव्हतीच. वर पारण्याचा दिवस. कालपासोन पोटात एक लाडू. साडेनवास गाडी यावयाची, दहास दरबारी उभे राहोन बोलावयाचे. घास नाही तर बोलता बोलता चक्कर येणार, आणि घास घ्यावा तर बारा वर्षांचा नेम आणि मेल्या सासूचा शब्द मोरीत जाणार. पारण्याची वेळ धारूरच्या सूर्याने धरावी की येथल्या, ऐसाही पेच गहिनीनाथांनी काढिला. बायनाबाईंनी निवाडा दिला, की जिथं भूक लागली तिथला सूर्य.

इतक्यात दारावर टकटक जाहली आणि दालन झाडणारी दासी आत आली. तिने हौद भरलेला पाहिला, बाह्या सारिल्या, आणि कोणतेही वैर नसता, केवळ चाकरीस जागोन, हौदाचे बूच उपटले.

हौदातून घरघर आवाज निघाला. त्याक्षणी केसरबाईंनी लुगडे गुडघ्यावर खोचोन हौदात उडी घातली आणि मोरीच्या भोकावर टाच रोविली. इतिहासात खिंडी छातीने अडविल्याचे दाखले आहेत, टाचेने मोरी अडविल्याचा हा पहिलाच. दासी किंचाळली, केसरबाई तिजवर ओरडल्या, दोघी आपापल्या भाषेत एकच गोष्ट बोलत होत्या. बायनाबाईंनी मधे येऊन दासीच्या हातातून बूच हळूच घेतले, जागी बसविले, आणि तिच्या पाठीवर हात फिरविला. चूळभर पाणी गेले. ते देवाचे पदरी घातले.

मग मसलत बसली. गहिनीनाथ घामाघूम होऊन म्हणाले, “काकू, लई झालं. आजच्या दिस सोडा की. देवबी समजून घील.”

“देव घील रे,” बायनाबाई हळू म्हणाल्या, “पर म्या शब्द देवाला कुठं दिला हाय? सासूबाईला दिला हाय. त्या न्हाई समजून घ्यायच्या.”

यावर केसरबाईंनी मान डोलाविली, कारण छबुबाईंस त्या ओळखोन होत्या.

मग कूच जाहले. बर्फ ठेवण्याची चांदीची बादली, रद्दीची टोपली, किटली, फुलदाणी आणि तांब्या, इतकी शिबंदी भरोन काचेच्या पाळण्यातून खाली उतरले. तळमजल्यास दिवाणखान्यात मोठ्या कुंड्यांतून पांढरी फुलझाडे उभी होती. केसरबाईंनी मुळाशी बोट खुपसले आणि परत काढिले. माती नव्हती, मूळही नव्हते. रेशमाची फुले, मेणाची पाने. बायनाबाईंनी त्या झाडाकडे बराच वेळ पाहिले आणि मग पदर सावरोन पुढे चालल्या, जैसे एखाद्या सुतकी घरावरून न बोलता जावे.

दिंडीदरवाजाबाहेर चौक, आणि चौकात दगडी फरशीमध्ये एक थोर वृक्ष, लोखंडी जाळीने मुळे वेढलेला. दारी योहान आडवा जाहला. पाहुण्यांनी कचऱ्याची टोपली घेऊन दर्शनी दाराने जावे ऐसा रिवाज या महाली तीन पिढ्यांत नाही, सबब जाऊ देता येत नाही, ऐसा हुकूम त्याने अदबीने सांगितला. गहिनीनाथांनी तो मराठीत केला. केसरबाईंनी जो जबाब दिला तो गहिनीनाथांनी इंग्रजीत केला नाही.

घड्याळात आठ वाजोन गेले होते. बायनाबाईंनी जड बादली गालिच्यावर न ठेविता पायावर टेकविली, की गालिचा भिजू नये. योहानने ते पाहिले. मग बायनाबाई म्हणाल्या, “गहिनीनाथा, ह्यांला एवढंच इचार. त्या झाडाची पानं श्रावणात कावून गळायलीत?”

योहान वळला. चौकाच्या फरशीवर पिवळी पाने पडली होती. मग तो सावकाश बोलला, ते गहिनीनाथांनी ऐसे सांगितले, की दोन महिने पाऊस नाही, नदी खाली गेली आहे. लहान रोपांस शहराची गाडी येऊन पाणी घालते, परंतु थोरल्या झाडाने आपले आपण पाहावे ऐसा इकडचा कायदा. आपण एकतीस वर्षे याच झाडासमोर उभे आहोत, आणि याने जूनमध्ये फुलावे तैसे यंदा फुललेच नाही.

“म्हंजे तुमच्याकडंबी हायच का,” केसरबाई म्हणाल्या, आणि प्रथमच त्यांचा आवाज उतरला.

मग बायनाबाईंनी बादली पुढे केली, की पाहावे, हे काय आहे. योहानने आत पाहिले. पाणी होते, त्यावर कुंकवाचा एक कण तरंगत होता. त्याने टोपी नीट केली, बाजूस जाऊन पेट्या वाहण्याचा पितळी कमानीचा गाडा ओढोन आणिला, त्यावरची मखमली बिछायत आपल्या हाताने काढिली, आणि दोन्ही पाख्यांचे थोरले दार, जे केवळ राजेरजवाड्यांस उघडत, ते उघडिले.

मग काय विचारावे! गाडा म्हणजे तोफखाना, पाळणा म्हणजे घाटवाट, दासी हौदावर भरणारी, केसरबाई गाड्यावर, गहिनीनाथ कोट काढोन फुलदाणीवर, आणि खासा बायनाबाई मुळापाशी. नऊ खेपा जाहल्या. पहिली बादली जाळीतून ओतली तेव्हा मातीने च्यक च्यक ऐसा आवाज केला. तो आवाज बायनाबाईंच्या ओळखीचा होता. वासरू पहिल्याने कासेस लागते तो. त्यांनी खाली वाकोन बुंध्यावर हात ठेविला.

पाचव्या खेपेस हॉटेलचे म्यानेजर खासे जिन्यावरून उतरले आणि हा काय प्रकार म्हणोन पुसते जाहले. योहानने टाच जुळवोन जबाब दिला, की पाहुण्यांचे सामान खाली जात आहे. म्यानेजरांनी गाड्यावरील सांडती टोपली पाहिली. योहानने पुढे म्हटले, की सामान कोणते ते पाहुण्यांनी ठरवावे, ऐसा या महालाचा जुना रिवाज आहे. म्यानेजर कचेरीत जाऊन दार लावोन बसले. ही आमचे पक्षास मोठीच कुमक जाहली.

नऊ वाजोन पाच मिनिटांनी शेवटची किटली रिती जाहली. बायनाबाईंनी सूर्याकडे पाहोन हात जोडिले, झाडाखालील बाकावर बसल्या, आणि फडक्यातून भाकरी व शेंगदाण्याची चटणी काढोन पारण्याचा पहिला घास घेतला. दुसरा योहानास दिला. त्याने उभ्याने खाल्ला, त्याच्या डोळ्यांस पाणी आले, मिशा थरथरल्या, आणि तरीही तो ताठ उभा राहिला. “चटनी जरा कमीच तिखट झालीया,” केसरबाई म्हणाल्या.

दहास दरबार भरला. बायनाबाई उभ्या राहिल्या, चक्कर आली नाही, आणि बोलल्या. काय बोलल्या ते कागदोपत्री आहेच, टाळ्या जाहल्या. या बखरीस त्याचे प्रयोजन नाही, कारण लढाई सकाळीच सरली होती.

मात्र वचनाचे अर्धे अंग अजोन उरले होते. धरलेले झाड पाऊस येईस्तोवर सोडू नये. शुक्रवारी व शनिवारी दोघी बायांनी मापात स्नान करोन पाणी झाडास दिले, परंतु रविवारी पहाटे निघावयाचे होते आणि आभाळ कोरडे होते. शनिवारी सायंकाळी बायनाबाईंनी आपला तांब्या पदराने पुसला आणि योहानाचे हाती ठेविला. गहिनीनाथ दुभाषी करावयास पुढे आले, त्यांस हाताने थांबविले. झाडाकडे बोट केले, मग आभाळाकडे, मग पाऊस पडतो तैसी बोटे खाली आणिली, आणि मग तळहात पुढे धरिला. योहानने उंच टोपी काढोन काखेत घेतली आणि त्या तळहातावर आपला हात ठेविला.

येणेप्रमाणे व्हिएन्ना शहरी पंधरा घागरींचा हौद, चूळभर वगळता, मुळास पोहोचला. नेम राखिला, नाव राखिले, गालिचा भिजला नाही. आमचेकडील नुकसान एक लुगडे ओले व गहिनीनाथांचा इस्त्रीचा सदरा. ऐसी फत्ते जाहली, ती नोंदविली असे.

रविवारी पहाटे गाडी दारी आली. बायनाबाई खिडकीशी बसल्या. थोरले दार बंद होते आणि दारी दुसराच दरवान उभा होता, तेव्हा त्यांनी मांडीवर हात जुळविले. गाडी चौकास वळसा घालोन निघाली, आणि तेव्हा महालाच्या बाजूचे लहान दार उघडले. योहान बाहेर आला. अंगी घरचा सदरा, डोईस टोपी नाही, सुटीचा दिवस. एका हाती बादली, दुसऱ्या हाती तांब्या. त्याने गाडीकडे पाहिले नाही. सांडू नये म्हणोन पावले जपत तो झाडाकडे चालू लागला.