नानाची बाटली

नाना कुणाच्याही दारात आला की आधी गाडीची चौकशी करतो, मग माणसाची. पिशवीतनं लांब पेचकस काढतो, टोक चालू इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून घेतो. दवाखान्यातला डॉक्टरसुद्धा एवढा गंभीर होत नाही. मग डोळे उघडून म्हणतो, "कोरडं वाजतंय. टॉनिक लागंल."

टॉनिक म्हणजे इंजिनाच्या ऑइलात वरनं ओतायचं औषध. नानाच्या पिशवीत त्याच्या बाटल्या असतात, वर वाघाचं चित्र. गाडी जुनी असो नाहीतर काल शोरूममधनं आणलेली असो, नानाच्या मते सगळ्या आजारी.

"अहो, माणूस भाकरीवर जगतो. तरी च्यवनप्राश खातो का न्हाई? मग इंजिनानं काय घोडं मारलंय?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. गावातली पोरं नाना वळणावर दिसला की आधीच म्हणून दाखवतात.

भीमेच्या पलीकडं दौंड तालुका, अलीकडं आम्ही शिरूरवाले. नाना पलीकडं कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टवर होता. तिथं कसली कसली रसायनं ढवळत जन्म गेला, आणि रिटायर होऊन गावात आला तरी हाताची ढवळायची सवय काही गेली नाही. लग्न झालं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि गावानं विचारलं नाही. घरात तो आणि त्याच्या बाटल्या.

एकदा तो पिठाच्या गिरणीत गेला. गिरणी लाइटीवर चालते, तिला इंजिनच नाही. तरी हा पेचकस कानाला लावून चारी बाजूंनी फिरला, ओतायला भोक सापडेना. जाताना गिरणीवाल्याला म्हणाला, "बिचारी. हिच्यासाठी अजून काय निघालं न्हाई."

पण खरी गंमत झाली बापू गवळ्याच्या मोटरसायकलीची. बापू नको नको म्हणत असताना नानानं तिच्यात अख्खी बाटली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी बापू दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून पुलाच्या चढाला लागला. इंजिन अशी डरकाळी फोडतंय की पुलावरची माणसं बाजूला झाली, आणि गाडी बघावी तर जागच्या जागी. शेवटी बापूनं ती ढकलत वर नेली. घामानं निथळत नानाच्या दारात उभा राहिला आणि जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नाना शांत. "इंजिन कसं वाजत व्हतं, ते सांग."

"इंजिन चांगलं वाजत व्हतं रे, पर गाडी हलाया नको का?"

"म्हंजी इंजिनाला गुण आला. आता चाकाचं बघू."

शिरूरच्या इस्माईल मिस्तरीनं मग गाडी खोलून सांगितलं. मोटरसायकलीत इंजिन आणि क्लच एकाच ऑइलात भिजतात. हे गुळगुळीत औषध पडलं की क्लच घसरायला लागतो. इस्माईल म्हणाला, "नाना, चांगल्या ऑइलात काय टाकायचं ते कंपनीनं आधीच टाकलेलं असतंय. झालेल्या भाजीत वरनं मूठभर मीठ टाकता का? ऑइल टायमावर बदला, संपलं." नानानं मान डोलवली. मला वाटलं, सुधारला. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत हजर.

माझ्या गाडीला मात्र मी त्याला कधी हात लावू दिला नाही. माझी जुनी फटफटी. कौसल्या, म्हणजे माझी बायको, तिच्यावर मागं एका अंगाला बसायची, मांडीवर बाजाराची पिशवी. कितीही खड्डा आला तरी मला धरायची नाही, पिशवी धरायची. सांडलेले टमाटे परत येत नाहीत, म्हणायची.

नाना दारात यायचा. "आबा, वतू का थोडं?"

"न्हाई."

"झाकणभर?"

"नाना, तुझ्या डोक्यात वत."

बाटली ओतली की इंजिन जरा वेळ चालू ठेवायचं, तोवर मालकाच्या ओट्यावर बसायचं, हा त्याचा नियम. माझ्याकडं ओतायचंच नाही म्हटल्यावर बसायला निमित्त नसायचं. तो पिशवी उचलायला लागला की आतनं कौसल्या म्हणायची, "नाना, बाटली ऱ्हाऊ द्या पिशवीत. चहा घ्या." मग तो बसायचा. बशीत चहा ओतून फुंकर मारत, कंपनीतल्या गोष्टी सांगत. मी म्हणायचो, कशाला या येड्याला बसवतेस. ती म्हणायची, तुम्ही गप बसा.

कौसल्या गेली. त्यानंतर मी गाडीला किक मारली नाही. मागची सीट मोकळी घेऊन कुठं जायचं? किल्ली तशीच लावून गोठ्यात ताडपत्री टाकून ठेवून दिली. दिवसभर रानात असायचो. घरात चहाचं भांडं पालथंच. नाना तरीही यायचा, "वतू का?" म्हणायचा. मी न्हाई म्हणायचो. आतनं आता कुणी हाक मारत नव्हतं. तो पिशवी उचलून निघून जायचा.

यंदा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आबा, गाडी गंजून गेली असंल, भंगारवाला पाठवतो." मी म्हटलं, "पाठव. पर त्याच्यासमोर एकदा किक मारून बघणार. चालू झाली तर ती घरात ऱ्हाईल. जाम झाली असंल तर ने म्हणावं." पोराला कशाला सांगू, त्या रात्री मला काही गिळवलं नाही.

सकाळी टेम्पो आला. मी इस्माईललाही बोलावलं होतं. नाना आपण होऊन आला, कोपऱ्यात उभा राहिला, पेचकससुद्धा काढला नाही. ताडपत्री ओढली. किक मारली.

गाडी पहिल्याच किकला चालू झाली. जशी काही कालच बाजारातनं आली होती.

भंगारवाला हिरमुसून टेम्पोत जाऊन बसला. इस्माईलनं इंजिन बंद करून ऑइल मोजायची काडी काढली, फडक्याला पुसली, परत बुडवली, उजेडात धरली. "आबा, ऑइल तर एकदम ताजं हाय. मधासारखं. कोणतरी बदलतंय, गाडी बी मधनं मधनं चालवून ठेवतंय."

आम्ही दोघांनी नानाकडं बघितलं. नाना पायानं माती उकरत होता.

"मी रानात असताना येत व्हतास?"

"यायचो कवातरी."

माझं डोकं तडकलं. "तुझं ते वाघाचं मूत वतलंस व्हय रे हिच्यात?"

"न्हाई, आबा. आईशप्पथ न्हाई. साधं ऑइल. डब्यावर लिव्हलेलं तेवढंच."

इस्माईल हसला. "गावभर बाटल्या वतत फिरता, आन् हिलाच का सोडली?"

नानानं उकरलेली माती पायानंच सारखी केली. मग म्हणाला, "बाकीच्यांची बिघडली तर तू हायस नीट कराया. ही वहिनींची गाडी. हिच्यावर कशाला पयोग करायचा?"

इस्माईल काडी पुसत बसला, ती आधीच पुसलेली होती. भंगारवाल्याचा टेम्पो वळून गेला. नाना ताडपत्रीची नीट घडी घालायला लागला.

मी घरात गेलो. पालथं भांडं सुलटं केलं, पाण्यानं विसळलं, चुलीवर ठेवलं. साखरेचा डबा कुठं असतो ते शोधावं लागलं.

मग दारात येऊन हाक मारली, "नाना."

तो पिशवी खांद्याला लावून फाटकापर्यंत गेला होता, थांबला. सवयीनं हात पिशवीत गेला. "वतू का थोडं?"

"बाटली ऱ्हाऊ दे पिशवीत," मी म्हटलं. "चहा घे."