गहिनीतात्यांचं प्रेझेंटेशन

मुलांनो, आपल्या शेजारच्या गहिनीतात्यांना कुणी बसलेलं पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवणसुद्धा ओट्याला टेकून. कड्याच्या साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी वजनकाट्यावर झाली. "गाडी काट्यावर असली की बूड टेकायचं न्हाई," हा त्यांचा नियम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती गाडी अजून काट्यावरून उतरलेली नाही.

परवाच्या सोमवारी ते अंगणात आले आणि तुळशीभोवती येरझारा घालत म्हणाले, "बाई, प्रेझेंटेशन करायचं साधन पायजे. घरच्या कॉम्प्युटरवर. अंकुशाला दाखवायचंय, रविवारी येळ दिलाय त्यानं."

अंकुश त्यांचा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. घरचा कॉम्प्युटर त्याचाच, जाताना मागे ठेवलेला. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून मला यातलं सगळं कळतं असा गावाचा समज आहे. जमिनीच्या वाटणीचा विषय असेल असं समजून मी जास्त विचारलं नाही. नीट चौकशी करून एकेक मार्ग त्यांच्यापुढे ठेवला.

पहिला मार्ग, दरवर्षी पैसे भरून वापरायचं. तात्या म्हणाले, "म्हंजे खंडानं केल्यावानी. खंड आपण भरायचा, राबायचं आपण, अन् मालक दुसराच." दुसरा, महिनाभर फुकट. तो त्यांना सासुरवाडीचा पाहुणचार वाटला. केव्हा उठवतील याचाच घोर. तिसरा, इंटरनेटवर तिथल्या तिथे करायचं, तेही फुकट. तो पटला होता, पण मंगळवारी दुपारी नेट गेलं, आणि तात्या तासभर गल्लीत फिरत राहिले.

बुधवारी तालुक्याला जाऊन आले. तिथल्या एका दुकानदारानं चोरून उतरवलेली कॉपी चहाच्या पैशात टाकून देतो म्हटलं होतं. तात्या तिथून तसेच माघारी फिरले. "उभ्या जन्मात काटा मारला न्हाई. आता ह्या डब्यात मारू?"

शेवटी मला एक सॉफ्टवेअर सापडलं. रीतसर फुकट, एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालणारं. तात्यांचा संशय उलट वाढला. फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे कळेपर्यंत ते माऊसला हात लावायला तयार नव्हते. मी सांगितलं की जगभरातली माणसं मिळून ते तयार करतात आणि सगळ्यांना वापरू देतात. तात्या थबकले.

"मंग आसं म्हणा की, इर्जिक हाय."

शेजाऱ्यांनी आपापले बैल आणून एकाचं रान नांगरून द्यायचं, मजुरी नाही, फक्त जेवण. ते पटलं. त्यांनी त्या अनोळखी लोकांच्या नावानं कॉम्प्युटरपुढे गूळ ठेवला. मुंग्या झाल्या, तो भाग वेगळा.

मग दोन दिवस माझं घर आणि त्यांचं घर एकच झालं. तात्या मागे उभे, मी पुढे टंकते आहे. चिंचेला आलेला बहर. त्यांच्या घरच्या काकूंचा सुजलेला गुडघा, दोन्ही बाजूंनी. म्हशीचं नवं रेडकू. सगळे फोटो चालताचालता काढलेले, तिरके, त्यामुळे म्हैस टेकडी चढताना दिसत होती. वाटणीचा कुठे पत्ता नाही. शेवटी मी म्हटलं, तात्या, हे फोनवरच सांगा की.

ते खिडकीशी गेले, परत आले.

"फोन केला की मीटिंगमधी हाय म्हंतो. प्रेझेंटेशन चालू हाय म्हंतो." पुन्हा खिडकीशी गेले. "म्हंजे प्रेझेंटेशनला येळ असतोय त्याला."

मी गुडघ्याचा फोटो सरळ केला.

रविवारी अंकुश पडद्यावर आला तो घाईतच. तात्यांनी कारखान्याच्या आवाजात सुरुवात केली. चिंच झाली, गुडघा झाला, रेडकू झालं. अंकुश आधी हसला, मग लक्ष देऊन पाहू लागला. शेवटचं पान पांढरंफटक होतं. ते काढून टाका असं मी आदल्या दिवशी बजावलं होतं. तात्यांनी ऐकलं नव्हतं.

"तात्या, शेवटचं कोरंच ऱ्हायलं," अंकुश म्हणाला.

"कोरं न्हाई, रिकामी गाडी हाय ती. भरल्याली गाडी काट्यावर घेतली, माल उतरला, की रिकामी बी घ्यावी लागती. त्याबिगर तुझ्याकडं किती उतरला कळत न्हाई."

अंकुश त्या काट्याच्या सावलीत खेळून मोठा झालेला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो बाजूला वळून कुणाला तरी म्हणाला, तुम्ही जेवून घ्या, मला वेळ लागेल. मग चष्मा पुसत पुढे सरकला.

"तात्या, परत पहिल्यापासनं दाखवा. सावकाश. आईच्या गुडघ्याला कधीपासनं सूज हाय?"

तात्यांनी मागे हात नेऊन काहीतरी चाचपलं. मी खुर्ची सरकवली, आणि तात्या बसले.