शकुनाचा भारद्वाज

अरविंदरावांनी सिल्की जातीच्या कोंबडीची अंडी कुरियरने मागवली, तेव्हा नंदिनीताईंनी एकच अट घातली. अंगणावर जाळी मारायची नाही. द्रोणागिरीतल्या त्यांच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात रोज सकाळी भारद्वाज यायचा. लेकीचं, क्षिप्राचं, बाळंतपण अडलं होतं त्या सकाळी तो कुंपणावर दिसला आणि दुपारी सुखरूप सुटका झाली. तेव्हापासून त्याला हात जोडल्याशिवाय ताई चहा घेत नसत.

अरविंदरावांनी अट मानली. जन्मभर बंदराच्या गोदामात कंटेनर मोजलेल्या माणसाला आता काहीतरी मऊ हवं होतं. सिल्की म्हणजे कापसासारखी पिसं, डोक्यावर गोंडा. फोटो दाखवून दाखवून त्यांनी अख्खी सोसायटी हैराण केली होती.

उबवणीचं मशीन वीज गेली की थंड पडायचं. म्हणून मोरा बंदरावरून मासे घेऊन येणाऱ्या चंद्राबाईची खुडूक कोंबडी आणून अंड्यांवर बसवली. रीत ठरलेली, कोंबडी जिची तिला निम्मी पिल्लं. कुंपणावरचा भारद्वाज बघून चंद्राबाईनेही टोपली खाली ठेवून हात जोडले.

"टेन्शन नको दादा. देवच राखनीला हाय."

कोंबडी सकाळी दाणे टिपायला उठायची तेव्हा खुराड्याचं दार उघडं असायचं. हळूहळू अंडी कमी व्हायला लागली. अरविंदरावांचा संशय शेजारच्या सयाजींच्या मांजरावर गेला. आमचं मांजर फक्त पाकिटातलं खातं, असं सयाजींनी दुखावून सांगितलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. मग उंदीर, मुंगूस असे बाकीचे आरोपीही तपासून झाले. शेवटी एका सकाळी अरविंदराव स्वतःच पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले.

कोंबडी उठली. भारद्वाज कुंपणावरून उतरला, सासुरवाडीला आल्यासारखा ऐटीत खुराड्यात शिरला आणि अंडं फोडून निवांत खाऊ लागला.

अरविंदराव ओरडणार, तोच त्यांची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. नंदिनीताई डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. अरविंदरावांनी ओरडणं गिळलं. ज्याने लेक वाचवली त्याला चोर कसं म्हणायचं? उंदरांचं निमित्त सांगून त्यांनी खुराड्याला जाळीचं दार बसवलं. मग फाटकापाशी चंद्राबाईला गाठून, तिच्या घरी दुसऱ्या कोंबडीखाली असलेली चार अंडी इथे आणून ठेवायला सांगितलं. ताईंना कळता कामा नये, हे दोनदा बजावलं. चंद्राबाईने पदर तोंडाला लावून मान डोलावली.

यथावकाश पिल्लं निघाली. तांबडी, काळी, पट्ट्यापट्ट्यांची, आणि कोंबडीच्या पंखांत मावेनात इतकी.

"सिल्की लहानपणी अशीच असते," अरविंदराव घाईघाईने म्हणाले. "रंग मागाहून फिरतो."

"हो, मीपण वाचलंय तसं," नंदिनीताईंनी त्याहून घाईने दुजोरा दिला.

"पण इतकी कशी? मी तर चारच..." अरविंदरावांनी जीभ चावली.

"चार तर माझी होती," ताई बोलून गेल्या.

दोघांनी एकदमच पायरीवर बसलेल्या चंद्राबाईकडे पाहिलं.

"मना काय बगता? दोगांनी येगयेगलं सांगितलं, कोनाला बोलू नको म्हनून. मी बोलली का कोनाला?"

अरविंदराव ताईंकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"रोज बघत होते. बघवेना म्हणून तर डोळे मिटायचे. तुमचा जीव त्या अंड्यांत. कळलं असतं तर दगड मारला असता तुम्ही त्याला."

"मी कसला मारतोय? क्षिप्राचा आहे तो."

ताईंचे डोळे भरून आले. चंद्राबाईने मात्र रीतीप्रमाणे आपलीच निम्मी पिल्लं टोपलीत घातली. तेवढ्यात कोंबडीखाली उरलेलं शेवटचं लहानसं अंडं तडकलं आणि पिवळसर पांढरं डोकं बाहेर आलं. वर गोंड्याचा इवलासा उंचवटा.

"ह्यो माज्या वाट्याला धरू नका," चंद्राबाई म्हणाली.

अरविंदराव पिल्लू ओंजळीत घेऊन सयाजींकडे निघाले. मांजराची माफी मागायची राहिली होती. ते दाराबाहेर पडतात तोच कुंपणावरून घुमणारा आवाज आला, हूप हूप हूप. नंदिनीताईंनी वळून पाहिलं, मनोभावे हात जोडले आणि मग त्याच हातांनी कोपऱ्यातला खराटा उचलला.