आजीवन मार्गदर्शन

"विद्या काय भाजी आहे, साहेब? तिला ग्राहक कुठून आला?" लिपीच्या सरांनी टेबलावर हात आपटला आणि कुलसचिवांचा चहा बशीत सांडला.

हे सर जुन्या लिपी शिकवत. गेल्या वर्षी त्यांच्या वर्गाकडे कुणी फिरकलं नाही, म्हणून ते घरीच बसून होते. यंदा एकच प्रवेश आला. एकासाठी वर्ग कसा उघडायचा? विद्यापीठाने विषय कायमचा गुंडाळायचं ठरवून शुल्क परत देऊ केलं. पण त्या विद्यार्थिनीने ते नाकारून सरळ ग्राहक म्हणून तक्रार ठोकली. आज तडजोडीची बैठक होती.

"तुम्ही माहितीपत्रकात छापलंत, ते वाचून तिने प्रवेश घेतला. झाला करार," विद्यापीठाच्या वकीलबाई म्हणाल्या. "आता शिकवलं नाहीत तर ती सेवेतली त्रुटी. आणि छापलंय तरी काय? 'आजीवन मार्गदर्शन'! हा शब्द कुणी घातला?"

सर छताकडे पाहू लागले. नुसतं 'मार्गदर्शन' त्यांना फार एकटं वाटलं होतं.

"पण आजीवन म्हणजे कुणाचं जीवन?" कुलसचिवांनी विचारलं. "शिकणाऱ्याचं की शिकवणाऱ्याचं?"

"ते भांडण आपण हरणार," वकीलबाई म्हणाल्या. " आणि हरलो की लोक पत्रकातले बाकीचे शब्दही तपासायला लागतील."

कुलसचिवांना 'निसर्गरम्य परिसर' आठवला. खिडकीबाहेर वाहनतळ होता.

वर्ग वाचावा म्हणून सर रोज देवापुढे हात जोडत होते. पण देव मदत अशी बाजारातून, ग्राहकाच्या रूपात पाठवील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात त्यांची बायको.

"अगं, तू इथे? किल्ली विसरलीस की काय?"

"नाही हो. मीच ती तक्रारदार. माहेरच्या नावाने प्रवेश घेतलाय."

ते नाव सरांनी सकाळीच वाचलं होतं. ओळखीचं वाटलं होतं, एवढंच.

"वहिनी, तुम्ही?" कुलसचिव उडालेच. "तुम्हाला तर आजीवन मार्गदर्शन घरबसल्या मिळतंय!"

"त्याचाच जाच झालाय, भाऊजी! घरी बसल्यापासून यांनी एकसारखे डबे आणून, स्वतः भरून त्यांवर जुन्या लिपीत नावं घातली. परवा पाहुण्यांना मी खारट चहा पाजला. स्वतःच्या स्वयंपाकघरात मी अडाणी!"

"मला विचारायचंस की!"

"विचारलं होतं. 'तुला नाही जमायचं' म्हणालात. मान वर न करता."

सरांना ते आठवलं. मान त्यांनी आत्ताही वर केली नाही.

"तुम्हीच सांगता ना, ग्राहक म्हणजे ग्रहण करणारा?" ती हळूच म्हणाली. "मग त्या शब्दाचा दाराबाहेर ऐकू येईल एवढा राग का? जन्मभर देत आलात. समोर कुणी घेणारं नको?"

सरांनी टेबलावरचा हात उचलला आणि फडक्याने सांडलेला चहा पुसला. "उद्यापासून वर्ग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली आणि पिशवीतून एक डबा काढून समोर ठेवला. सरांनी फळ्यावर एकेक वळण काढून दाखवलं. ती चुकली की पुन्हा काढलं, न चिडता. तास संपत आला तेव्हा तिने डब्यावर बोट ठेवलं.

"सा... ख... र. साखर!"

"वा!" सरांनी खडू खाली ठेवला. "जमलं की गं तुला!"

तिने झाकण उघडून डबा त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. डब्यात मीठ होतं.

"अहो, वकीलबाई याला काय म्हणाल्या होत्या? सेवेतली..."

"त्रुटी," सर पुटपुटले. "भरपाई काय हवी?"

"घरी चला आणि चहा करा." ती पिशवी उचलून उठली. "घाबरू नका, मी शेजारी उभी राहून मार्गदर्शन करेन. आजीवन."