मसाल्याचा डबा आणि तीन वॅट

"नाही" म्हणायला तोंड उघडावं लागतं. "हो" म्हणायला नुसती मान हलवली तरी भागतं. माझ्या आयुष्यातले बहुतेक होकार मी याच कारणाने दिले आहेत.

सप्टेंबरात आमच्या सिहोऱ्याच्या विहारातल्या महिला मंडळाच्या प्रमुख कुंताबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "दामिनी, सव्वीस नोव्हेंबरले संविधान दिन आहे. उद्देशिका तू वाचशील ना व?" तेव्हाही मी मान हलवली. कुंताबाई चहा पिऊन गेल्या. मी पाऊण तास तिथेच उभी होते.

(माझं नाव दामिनी आहे. जन्मले तेव्हा मी दवाखाना डोक्यावर घेतला होता म्हणे. तो माझा शेवटचा मोठा आवाज.)

माझ्या आवाजाबद्दल एकच गोष्ट सांगते. मागच्या वर्षी परिपाठात मी बातम्या वाचल्या. पाच मिनिटं वाचल्या. खाली येऊन रांगेत उभी राहिले, तर सर म्हणाले, "दामिनी, घाबरू नको, जा, वाच बातम्या."

रात्री जेवताना आई म्हणाली, "हिचा आवाज मले गॅसजवळ ऐकू येत नाही. विहारात कोणाले ऐकू येईन?"

"येईन," बाबा म्हणाले. "माह्या मशीनमधून येईन."

आईने भाताचा डाव पातेल्यात ठेवला आणि कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे तिचा मसाल्याचा डबा पालथा पडला होता.

हा डबा म्हणजे आईच्या लग्नातला पितळी डबा. परातीएवढा मोठा, वर तिच्या वडिलांनी भंडाऱ्याहून टिंब-टिंब करून नाव कोरून आणलेलं: 'हर्षा'. फेब्रुवारीत बाबांनी तो "दोन दिवसांसाठी" मागून घेतला होता. तेव्हापासून आमचं जिरं-मोहरी बिस्किटाच्या बरण्यांत राहतं, आणि डब्यावर बाबा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधतात. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. बाबा तुमसरला एका ऑफिसात कारकून आहेत. दिवसभर ते फायलींवर शिक्के मारतात आणि संध्याकाळी लुंगी नेसून शास्त्रज्ञ होतात.

"यात विशेष काय आहे?" आईने सुरुवातीला विचारलं होतं.

"लोक दोन व्हॉल्व्ह लावतात," बाबा म्हणाले. "अर्धा आवाज एक उचलते, अर्धा दुसरा. आपल्या मशीनमध्ये एकच व्हॉल्व्ह सारा भार उचलते. कोणाची मदत नाही, काही नाही. म्हणून आवाज निर्मळ येते."

"म्हणजे या घरात माह्यासारखा."

बाबा खाली वाकून स्क्रू शोधायला लागले. (वीस वर्षांची नोकरी आहे त्यांची. कुठल्या फाइलवर शेरा मारायचा नाही, हे त्यांना कळतं.)

पण सप्टेंबरातल्या त्या रात्री आईने अटच घातली. "सव्वीस तारखेले पोरीचा आवाज मागच्या चटईवर मले ऐकू आला, तर डबा तुमचा. नाही आला, तर सारं खोलायचं. मले माह्या डब्यात जिरं पाहिजे."

"त्याले नऊ भोकं आहेत, हर्षा."

"दहा आहेत," आई म्हणाली.

इथे मला एक पाप सांगावं लागतं. नऊ भोकं बाबांनी पाडली होती: व्हॉल्व्हसाठी, ट्रान्सफॉर्मरच्या तारांसाठी, बटनासाठी. प्रत्येक जागी आधी पेन्सिलने टिंब. जुलैत एका दुपारी बाबा ऑफिसात होते, ड्रिल तिथेच होतं, आणि एक टिंब राहून गेलेलं मला दिसलं. मला वाटलं, आपण पाडून ठेवू, बाबांना बरं वाटेल. भोक अगदी गोल पडलं. मग कळलं की ते टिंब पेन्सिलचं नव्हतं. ते 'हर्षा'मधलं होतं.

संध्याकाळी आई डबा हातात घेऊन उभी राहिली. "हे काय आहे? माह्या नावात?"

बाबांनी भोकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. "हात घसरला माहा," ते म्हणाले.

आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, पण माझ्यातला फरक कोणाला कळला नाही.

त्यानंतर मी त्यांना मन लावून मदत करायला लागले. म्हणजे शेजारी बसून पाहायला लागले. डब्यात अडीचशे व्होल्ट होते. बाबा तपासायला बसले की एक हात खिशात ठेवायचे. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जातो, एकच असला तर तेवढा धोका नाही. पण लुंगीला खिसा नसतो. बाबा हात कमरेवर ठेवायचे, तो विसरून पुन्हा डब्यात जायचा. आई बोलत नव्हती त्या चार दिवसांतलीच गोष्ट. तिसऱ्या दिवशी मी दोरीवरून बाबांची लुंगी काढली, तर तिला डाव्या बाजूला खिसा शिवलेला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आवाजाचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं काम निघालं. केसासारखी तार, सव्वीसशे वेढे. बाबांनी दोनदा गुंडाळली, दोनदा तुटली. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "सरका तिकडे." तिचं माहेर आंधळगावचं. तिथे तिची आई रेशमाच्या कोशाचं सूत काढायची, आणि लहानपणी आई तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. तिने बोटाला पाणी लावलं, तार दोन बोटांत धरली आणि सव्वीसशे वेढे घातले. सुईच्या टोकाएवढीही फट नाही. दर शंभराला मी वहीत एक रेघ मारायची. मोजणी चुकू नये म्हणून घरात दोन दिवस कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दिवाळी तीच.

मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी बाबांनी बटन दाबलं, आणि काहीच झालं नाही.

"बिघडली," आई म्हणाली.

"थांब. गरम होऊन राहिली. तीस मोज."

आम्ही मोजलं. हळूहळू काचेत राखेखालच्या निखाऱ्यासारखा उजेड आला. डबा तापला, आणि वीस वर्षांचं मुरलेलं जिरं घरभर घमघमलं. बाबांनी माईक आईपुढे धरला. आई लाजली. (ही कला मी कुठून घेतली ते तेव्हा कळलं.) मग म्हणाली, "भात झाला आहे."

तेवढंच. पण भोंग्यातून आधी तिचा श्वास आला, मग बांगडीचा बारीक आवाज, मग ते तीन शब्द, जणू ती माझ्या खांद्याजवळ वाकून बोलते आहे. भोंगा तुमसरच्या भंगारातला, बंद पडलेल्या टॉकीजचा. आईचा आवाज मी पंधरा वर्षं रोज ऐकते. तो इतका छान आहे हे मला ठाऊक नव्हतं. बाबांनाही नसावं, कारण ते खिशात हात घालून नुसते उभे होते, आणि तपासायचं तर काही उरलं नव्हतं.

"दोन गोष्टी ध्यानात ठेव," त्यांनी मला सांगितलं. "बटन दाबल्यावर तीस मोजायचे. अन् बंद केल्यावरबी थोडा वेळ तिच्यात जीव राहते. लगेच हात नाही लावायचा."

मी मान हलवली.

गावात बातमी पसरली. भय्याजी बघायला आले. भय्याजींचा डीजे आहे. तो वाजला की आमच्या छपराचे कवेलू जागा बदलतात.

"किती वॅटची आहे, संघपालभाऊ?"

"तीन."

"तीन हजार?"

"तीन."

भय्याजींनी डब्याभोवती एक फेरी मारली. "भाऊ, माह्या डीजेवर पावर दाखवाले जो लाल लाईट आहे ना, तो तीन वॅटचा आहे." मग जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. मी गाडी विहाराजवळच लावून ठेवतो. तुही इज्जत माही इज्जत."

सव्वीस तारखेला सकाळी नऊला विहार भरला. पुढे मुलं, मग पुरुष, मागे बायका आणि सर्वांत मागच्या चटईवर, भिंतीला टेकून, आई. वंदना झाली. टेबलावर पांढऱ्या कपड्यावर डबा होता, पुढे माईक, भोंगा खिडकीत अर्धा आत अर्धा बाहेर. बाबा म्हणाले, "मी मागे जाऊन ऐकतो," आणि आईशेजारी जाऊन बसले.

कुंताबाईंनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले, बटन दाबलं आणि वर पाहिलं.

दीडशे माणसं माझ्याकडे पाहत होती. तीसपर्यंत त्यांनी पाहत राहावं, हे मला झेपणारं नव्हतं. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि वाचायला लागले. उद्देशिका मला पाठ होती. भीतीने तिला असा वेग आला की स्वातंत्र्य, समता, बंधुता या तिघांनाही माझ्याबरोबर धावावं लागलं. सव्वीस-सत्तावीस सेकंदांत मी शेवटाला पोचले. नेमकं तेव्हा मशीन गरम झालं, आणि भोंग्यातून, स्वच्छ, गंभीर आवाजात, अख्ख्या उद्देशिकेतला एकच शब्द बाहेर आला.

"आहोत."

पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून उठलं.

मग फक्त जिऱ्याचा वास. एका आजीने शेजारणीला विचारलं, "जेवण आताच आहे का व?"

भय्याजी उठले आणि गाडीकडे निघाले. मागे आई बाबांकडे पाहत नव्हती, डब्याकडे पाहत होती, मनात जिरं भरत असावी. बाबा मान खाली घालून बसले होते. नऊ महिने, सव्वीसशे वेढे, लुंगीचा एक खिसा. मी गडबडीने बटन बंद केलं.

कुंताबाई जवळ आल्या. "काय झालं व, बाई? खराब झाली का मशीन?"

मशीन बंद होतं, कुंताबाई एकट्याच होत्या, आणि माझा आवाज तर गॅसजवळही पोचत नाही. म्हणून मी खरं सांगितलं.

"मशीन चांगली आहे, काकू. मीच थांबली नाही. बाबांनी तीस मोजाले सांगितले होते. अन् आईले नका सांगू, पण तिच्या नावातलं ते दहावं भोक मी पाडलं. बाबांनी उगाच स्वतःवर घेतलं."

'काकू'पर्यंत आल्यावरच मला भोंग्यात कोणीतरी माझ्यासारखं बोलत असल्याचं जाणवलं होतं. पण सुरू झालेलं वाक्य मध्ये थांबवायची मला सवय नाही, कारण वाक्य सुरू करायचीच सवय नाही. बंद केल्यावरही मशीनमध्ये थोडा वेळ जीव राहतो. बाबांनी सांगितलं होतं. मला वाटलं, ते फक्त हात लावण्याबद्दल आहे. दहा-बारा सेकंद तो जीव राहिला आणि 'स्वतःवर घेतलं'पाशी हळूहळू विझला.

भय्याजी दारातच, एक चप्पल घालून थांबले होते. मागच्या चटईवरून आईचा आवाज आला, आणि तिला माईक लागला नाही.

"ऐकू आला."

बाबांनी मान वर केली.

"डबा तुमचा," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्ही काहून नाही सांगितलं मले? चार दिवस उपासाचं तोंड करून फिरत होते."

"तूच तर बोलून नाही राहिली होती," बाबा म्हणाले. "सांगतो कोणाले?"

विहार हसला. मला वाटलं, आता टेबलाखाली जागा आहे का पाहावं. पण कुंताबाईंनी माझा खांदा धरला. "लाव बटन. आम्ही मोजतो."

आणि दीडशे माणसांनी मोजलं. एक, दोन, तीन. मुलं ओरडून, बायका हसत, भय्याजी दारातून एका चपलेवर. तीसला सगळे गप्प झाले. काचेत निखारे पेटले होते. मी वाचलं, सावकाश. आवाज मोठा नव्हता. माझाच होता, तेवढाच, फक्त पूर्ण होता. मी पानावरून एकदाच वर पाहिलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा डावा हात पॅन्टच्या खिशात होता.

नंतर भय्याजी डब्याजवळ येऊन वाकले. बराच वेळ वास घेतला. "भाऊ," ते म्हणाले, "माह्या डीजेले लोक कानात बोटं घालते. इथं मले पोरीच्या श्वासाचा आवाज आला. एक बनवून देसान का?"

"डबा आहे का तुमच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"बायकोचा आहे."

"मग पहिले तिले विचारा," आई मागून म्हणाली.

परवा कुंताबाई पुन्हा घरी आल्या. "दामिनी, तीन जानेवारीले सावित्रीबाईंची जयंती आहे. तुले यायचंच आहे. साऱ्या बाया म्हणून राहिल्या, दामिनीच पाहिजे."

माझ्या छातीत काहीतरी गरम झालं. भाषण कोणत्या वाक्याने सुरू करायचं, तेही मी ठरवून टाकलं.

"भाषण दुसऱ्या पोरी करतीन," कुंताबाई म्हणाल्या. "तू फक्त तीस मोज."

मी मान हलवली.