करमुक्त समुद्र

नुबियाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं. ऑगस्ट चालू होता, पण पान डिसेंबरचं उघडलं होतं. त्यावर निळ्या समुद्राचं चित्र होतं आणि वीस तारखेभोवती लाल गोल.

"त्या दिवशी लग्नाला पंचवीस वर्षं होतील," ती म्हणाली. "सांता मार्ताच्या बसची तिकिटं काढायचीत. समुद्राचे पैसे आणा."

एवारिस्तो कारेन्यो, त्यांच्या बुकारामांगा शहरात शेंगदाण्यांसारख्या चघळतात त्या भाजलेल्या मुंग्या खात होता. तो चघळायचाच थांबला.

सिमेंट कंपनीत कारकुनी करणाऱ्या या माणसाचं सरकारशी जुनं वैर होतं. सहा वर्षांपूर्वी कर भरून येताना त्याने घरासमोरचा खड्डा छत्रीने मोजला. तो गेल्या वर्षीपेक्षा वीतभर वाढला होता. तेव्हाच त्याने ठरवलं, की कायद्याने लागेल तेवढाच कर द्यायचा, वर एक पेसोही नाही. चोरीही करायची नाही. "चोर ते, मी नव्हे," हे वाक्य तो न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ऐकवी.

मग त्याला बँकेतलं घरबचतीचं खातं सापडलं. पगारातला जेवढा भाग तिथे जाईल, तेवढ्यावर कर नाही. सहा वर्षं पगाराचा चौथा हिस्सा परस्पर तिथे जात होता, आणि नुबियाला तो "समुद्राचे पैसे साठताहेत" असं सांगत होता. त्या समुद्रापायी तिने रविवारचं बकऱ्याचं मटण बंद केलं होतं.

"ते पैसे फक्त घर घ्यायला निघतात," एवारिस्तो ताटाकडे बघत म्हणाला. "नाहीतर दहा वर्षं थांबायचं. आधी काढले तर वाचलेला कर कापून घेतात."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"पहिल्याच दिवशी वाचलं होतं. सांगायचं राहिलं."

बुकारामांगात नवराबायको भांडतानाही एकमेकांना अहोजाहोच करतात, त्यामुळे पुढचा अर्धा तास फार अदबीत गेला.

"मग द्या तो कर," शेवटी नुबिया म्हणाली. "मी सत्तेचाळीस वर्षांची झाले. समुद्र अजून कॅलेंडरवरच बघतेय."

"मेलो तरी देणार नाही."

"मरा खुशाल. पण वीस तारखेनंतर. बस चुकायला नको."

दुसऱ्या दिवशी एवारिस्तो बँकेत गेला. गाडी ठेवायची जागा घेतली तर चालेल का, असं त्याने विचारलं. काउंटरवरची येसेनिया म्हणाली, "तिथे तुम्ही राहणार का साहेब?" तो म्हणाला, वेळ आली तर राहीन. तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

मग त्याला सासू आठवली. दोन्या बार्बारिताचं घर तिच्याच नावावर होतं. ते विकत घ्यायचं, पैसे खात्यातून निघतील, सासूबाई ते हळूच परत करतील आणि राहतील तिथेच. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी घर विकल्याचं सोंग करायचं आणि पैसे गुपचूप तुम्हाला द्यायचे?" ती म्हणाली. "आमच्या वेळी याला चोरी म्हणत, जावईबापू. चोर ते की तुम्ही, एकदा ठरवा."

तो कान पाडून परत आला. खरं तर एव्हाना कोणीही कर भरून मोकळा झाला असता, पण हट्टापुढे या माणसाला काही दिसत नाही. नुबिया मात्र त्याच्याशी बोलेनाशी झाली. फोनवर तासन्‌तास कुणाशी तरी बोलायची. ऑक्टोबरात तिने एक कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"कायदा काय म्हणतो, घर घ्या. बरोबर?"

"बरोबर."

"कुठे घ्या, हे म्हणतो का?"

एवारिस्तोने कागद जवळ ओढला.

"नाही म्हणत. मीसुद्धा वाचला. सहा वर्षं रविवारी मटण नव्हतं, वेळ भरपूर होता." तिने पेन पुढे केलं. "सांता मार्ताजवळ कोळ्यांच्या वस्तीत एका खोलीचं घर आहे. वर पत्रा, दारासमोर समुद्र. माझ्या मावसबहिणीने बघितलंय. सही करा, नाहीतर कर भरा."

त्याला उकाडा सोसत नाही, वाळूचा तर तिटकारा. पण दुसरीकडे कर होता. त्याने सही केली.

वीस डिसेंबरला नुबिया गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ नुसती रडत होती. एवारिस्तो काठावर बूट घालून उभा होता. आपण हिला सहा वर्षं उगाच थांबवलं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

जानेवारीत, सुटी संपायच्या आत, दाराखालून एक कागद आला. नगरपालिकेची घरपट्टी. दरवर्षी भरायची. एवारिस्तोचा चेहरा लालबुंद झाला.

"हाही करच," तो पुटपुटला.

"मागची बाजू वाचा," नुबिया चुलीजवळून म्हणाली.

लवकर भरल्यास दहा टक्के सूट, असं मागे लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नगरपालिकेच्या बंद दारासमोर एकटाच माणूस उभा होता. जाळं घेऊन चाललेल्या कोळ्याने विचारलं, "काय हो, इतक्या सकाळी कशाला?"

"कर भरायला," एवारिस्तो छाती काढून म्हणाला, "आणि माझ्या आधी कुणाला भरू देणार नाही."

त्या रविवारी नुबियाने मटण केलं.